पाहुणी

परवा दिवाळीसाठी घर आवरायला काढले, तेव्हा आईच्या कपाटात पासबुकांच्या खाली जुन्या कॅलेंडरचे एक पान घडी घालून ठेवलेले सापडले. ऑगस्ट २०२२. आमच्या घरात महिना संपला की कॅलेंडरच्या पानाचे आयुष्यही संपते. मग ते डब्यांच्या फळीवर अंथरले जाते, नाहीतर चकल्या निथळायला परातीत जाते. हे एकच पान आईने का जपून ठेवले, हे तिने मला सांगितले नाही आणि मीही तिला विचारले नाही. त्यावर आहे तो फक्त दुधाचा हिशेब. पण एखाद्याने आपला गुन्हा कबूल करून खाली सही करावी, तसे ते पान मला वाटते.

आम्ही द्वारकेला राहतो. द्वारका म्हणजे कृष्णाची नव्हे, नाशिकची. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, ती. वरून उड्डाणपूल गेला आहे आणि खाली ट्रक, बस, नाशिकरोडच्या रिक्षा आणि माणसे दिवसभर एकमेकांत अडकलेली असतात. या गलबल्यापासून दोन गल्ल्या आत आमची जुनी दुमजली इमारत आहे. समाईक जिना, समाईक गच्ची, आणि एका घरात फोडणी पडली की चार घरांत ठसका. अशा इमारतीत मांजरे कुणा एकाची नसतात, पण त्यांच्याबद्दलची तक्रार मात्र नेमकी एकाच घराकडे येते. ते घर आमचे.

त्या वर्षी आमच्याकडे पाच मांजरे होती. मनी आणि तिची अडीच महिन्यांची तीन पिल्ले : काळू, सोन्या आणि ठिपकी. पाचवा एक म्हातारा बोका. तो कुठून आला होता कुणास ठाऊक, पण जिन्याच्या वरच्या पायरीवर तो अशा ऐटीत बसे की त्याला सगळे पाटीलच म्हणत. मी बारावीत होते. अभ्यासाचे पुस्तक पुढ्यात आणि मांडीवर एखादे पिल्लू, असा माझा दिनक्रम होता.

१ ऑगस्टला पहिला श्रावणी सोमवार होता. आजीला घेऊन मी पंचवटीत कपालेश्वराला गेले होते. परत येताना द्वारकेला रिक्षातून उतरलो, तर पुलाच्या खांबाशी पावसात भिजलेले एक पिल्लू. अंगाची नुसती काडी, शेपटी चिखलाने माखलेली. आजी म्हणाली, "अगं, घरात आधीच पाच आहेत." पण सोमवारी महादेवाच्या दारून येताना जिवाला तसेच टाकून जायचे, हे तिलाही पटले नसावे. तिनेच आपल्या पिशवीतला पंचा काढून दिला. घरी आल्यावर मी पिल्लाला पुसले, दूध पाजले आणि रात्री मनीच्या टोपलीत इतर पिल्लांबरोबर ठेवून दिले. मनीने आधी फिस्कारले, मग चाटायला लागली. मला धन्य वाटले. आईने तिचे नाव 'पाहुणी' ठेवले आणि दुसऱ्या दिवशीपासून कॅलेंडरवर दुधाच्या रतिबापुढे लिहायला सुरुवात केली : "पाव जास्त."

पाहुणीला दोन-तीन दिवस जुलाब झाले. रस्त्यावरचे पोर, काहीबाही खाल्ले असेल, असे आम्ही म्हणालो. नंतर ती सावरली आणि पडद्यांवर चढू लागली.

शनिवारी, ६ तारखेला, काळूने दुधाला तोंड लावले नाही. संध्याकाळी पिवळसर फेसाची उलटी केली. तो पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसून राहिला. तहान तर लागलेली दिसत होती, पण एक थेंब पिईना. बाबा म्हणाले, "तापाची अर्धी गोळी चुरून देऊ का?" पण गोळी त्याच्या घशाखाली उतरेना, म्हणून ते राहिले. सोमवारी पहाटे काळू गेला. मी त्याला गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत पुरले आणि दिवसभर जेवले नाही. मंगळवारी दुपारी सोन्याने तशीच पिवळी उलटी केली.

आता मला सगळे स्पष्ट दिसू लागले. म्हणजे, मला तसे वाटले. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू आमच्या मांजरांवर नेहमीच रागावलेल्या असत. त्यांच्या तुळशीच्या कुंडीत घाण केली, वाळवणावर लोळले, अशा त्यांच्या तक्रारी असत, आणि खोट्या नसत. त्या पावसाळ्यात त्यांच्या माळ्यावर उंदीर झाले होते आणि काकांनी उंदराचे औषध आणलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. दोन आणि दोन चार करायला मला वेळ लागला नाही. मंगळवारी संध्याकाळी जिन्यात काकू भेटल्या. सगळी इमारत ऐकेल अशा आवाजात मी म्हणाले, "तुम्ही माझी मांजरं मारलीत."

काकूंनी उत्तर दिले नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला. हातातली पिशवी सावरत त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतले. त्या गप्प राहिल्या, हाच मी पुरावा मानला.

मंगळवारी मोहरमची सुट्टी होती. बुधवारी सकाळी पिशवीत सोन्याला घेऊन मी आणि आई जनावरांच्या दवाखान्यात गेलो. मी आत शिरल्याशिरल्याच डॉक्टरांना सांगून टाकले, "विषबाधा आहे. शेजाऱ्यांनी घातलंय."

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता सोन्याला टेबलावर ठेवले, थर्मामीटर लावला, पोट चाचपले, हिरड्या पाहिल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसायला वेळ लागला. "अंगातलं पाणी गेलंय," ते म्हणाले. "ताप एकशे चारच्या वर. उंदराच्या औषधानं असा ताप येत नाही सहसा. काही औषधांनी रक्त पातळ होतं, कुठून ना कुठून रक्तस्राव होतो. काहींनी तोंडाला लाळ सुटते, झटके येतात. यातलं काही झालं?"

"नाही."

"घरात मांजरं किती? आणि कोण कोणत्या दिवशी आजारी पडलं?"

मला वाटले होते, ते विचारतील की विष कोणते. त्यांनी विचारले, दिवस कोणता. आणि मला नीट सांगता येईना. दुःखात दिवसांचा हिशेब राहत नाही. पण आई शांतपणे म्हणाली, "थांबा, कॅलेंडरवर आहे." तिने बाबांना फोन लावला आणि भिंतीवरून वाचायला सांगितले. बाबा एकेक ओळ वाचत गेले, आई मोठ्याने सांगत गेली आणि डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहीत गेले. दोन तारखेपासून पाव जास्त, म्हणजे पाहुणी एक तारखेला आली. तीन तारखेला दूध उरले, म्हणजे तिचे जुलाब. सहा तारखेला पुन्हा उरले, म्हणजे काळू. नऊ तारखेला सोन्या.

डॉक्टरांनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "हे बघ. पाच मांजरं एका ताटलीत खातात. विष असतं तर एकाच दिवशी, फार तर दोन दिवसांत सगळी पडली असती, किंवा ज्यानं खाल्लं ते एकटंच पडलं असतं. इथे एक येतंय, पाच दिवस जातायत, मग दुसरं, मग तीन दिवसांनी तिसरं. विष सगळ्यांना एकदम गाठतं. साथ रांगेनं येते. आणि रांगेत पहिलं कोण उभं आहे ते बघ."

रांगेत पहिली पाहुणी होती. तिच्या पुढे, खांबाशी पंचा घेऊन उभी, मी होते.

त्यांनी सोन्याच्या विष्ठेचा नमुना घेऊन एका पट्टीवर तपासला. कुत्र्यांच्या पार्व्हो रोगासाठी बनवलेली ती पट्टी मांजरांच्या या रोगालाही चालते, कारण दोघांचे विषाणू जवळचे नातलग आहेत. थोड्या वेळाने पट्टीवर दुसरी रेघ उमटली. मग रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मलाही पाहू दिला. "पांढऱ्या पेशी शोध," ते म्हणाले. मी शोधत राहिले. तांबड्या पेशींची गर्दी दिसत होती, पण ज्या दाखवायच्या त्या क्वचितच. निरोगी मांजराच्या रक्तात एका घन मिलिमीटरला साधारण साडेपाच हजार ते साडेएकोणीस हजार पांढऱ्या पेशी असतात. या रोगात त्या दोन हजारांच्याही खाली उतरतात. रोगाचे नावच त्यावरून पडले आहे : पॅनल्युकोपेनिया, म्हणजे सर्व प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा तुटवडा. हा विषाणू शरीरात जिथे नव्या पेशी भराभर तयार होतात तिथेच हल्ला करतो. आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. म्हणून उलट्या-जुलाब, आणि म्हणूनच लढायला सैन्य नाही.

"मग मनी आणि पाटील का नाही आजारी?" मी विचारले.

"मोठी मांजरं कधीतरी या विषाणूला भेटून बचावलेली असतात. पिल्लांना आईच्या चिकातून काही आठवडे संरक्षण मिळतं, मग ते ओसरतं. तुझी अडीच महिन्यांची. नेमक्या उघड्या पडण्याच्या वयाची. लस सहा-आठ आठवड्यांची झाल्यावर टोचायची, आणि चार महिन्यांची होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा."

लस आम्ही कुणालाच टोचली नव्हती. मांजराला कुठे लस टोचतात, हा आमच्या इमारतीतला सर्वसाधारण समज, आणि तोच माझाही.

विषाणूला मारणारे औषध नाही, हेही त्यांनी सांगितले. सलाईन द्यायचे, उलटी थांबवायची, दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून प्रतिजैविक द्यायचे आणि वाट पाहायची. पहिले पाच दिवस काढले तर पिल्लू बहुधा तगते. तापाच्या गोळीची हकिकत आईने सांगितली, तेव्हा ते एकदम खुर्चीत सरळ झाले. "पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. अर्ध्या गोळीनंसुद्धा जातं ते. त्यानं गिळली नाही, हे बरं झालं." शेजारणीने विष घातले म्हणून मी ओरडत होते, आणि खरे विष आमच्याच फडताळात होते, मायेने चुरून ठेवलेले.

घरी आल्यावर आजी फिनेलने फरशी पुसत होती. तेही बंद करावे लागले. फिनेल मांजराच्या शरीराला पचत नाही आणि या विषाणूवर त्याचा भरवसाही नाही. विषाणू असा चिवट की घरात वर्षभर टिकतो. माणसाच्या हातावरून, कपड्यांवरून, चपलेवरून फिरतो, माणसाला मात्र काही करत नाही. म्हणजे काळूची उलटी पुसून त्याच हाताने मी इतरांना दूध पाजत होते, तेव्हा मीही त्या रांगेतच होते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे टोपली आणि गोणपाट जाळले. फरशी आधी साबणाने धुतली, मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी करून दहा मिनिटे ओली ठेवली. ठिपकीला वेगळ्या खोलीत ठेवले आणि तिच्याकडे जाताना चप्पल बदलायची, असे ठरले.

आजी हे सगळे पाहत होती. ती म्हणाली, "आमच्या सासूबाई त्यांच्या सासूचं सांगायच्या. गाठीच्या तापाच्या वर्षी घरात उंदीर पडलेला दिसला की माणसं भांडी उचलून शेतात झोपड्या घालून राहायची. उंदराला कुणी मारलं, असं कुणी विचारत बसायचं नाही." १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि मग साऱ्या इलाख्यात पसरला, हे मी पुस्तकात वाचले होते. उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात, हे फ्रेंच डॉक्टर सीमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवले. त्याआधीही खेड्यापाड्यातल्या बायकांनी क्रम ओळखला होता : आधी उंदीर, मग माणूस. निदान म्हणजे आणखी काय असते? कोण आधी आणि कोण नंतर, हे नीट पाहणे.

सोन्या ११ तारखेला गेला, नारळी पौर्णिमेच्या दिवशी. १२ तारखेला ठिपकी आजारी पडली, अगदी डॉक्टरांनी सांगून ठेवल्यासारखी. पण या वेळी आम्ही तयार होतो. पहिल्या उलटीलाच तिला दवाखान्यात नेले. रोज सलाईन. पाचव्या दिवशी तिने पाण्याच्या वाटीत तोंड घातले आणि खरोखर पाणी प्यायली. आईने त्या दिवशी कॅलेंडरवर लिहिले : "ठिपकी – पाणी." दुधाच्या हिशेबात पाण्याची नोंद ती एकच.

पण मांजरांपेक्षा मोठी गोष्ट राहिली होती. काकूंकडे जायचे होते. बुधवारी निदान झाले आणि मी शुक्रवारपर्यंत गेले नाही. ठिपकीचे कारण सांगत राहिले. शेवटी शुक्रवारी रात्री आई म्हणाली, "मांजराची सेवा आम्ही करतो. तू जा."

काकूंनी दार उघडले. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले : रोग, पट्टीवरची रेघ, पाहुणी, माझे हात. "माझं चुकलं," म्हणाले. काकू खाली बसल्या. मला वाटले, आता रागावतील. त्यांनी विचारले, "नक्की विष नव्हतं ना गं?"

"नक्की नाही."

मग त्या म्हणाल्या, "माळ्यावर बारा गोळ्या ठेवल्या होत्या यांनी. तू बोललीस त्या रात्री मी शिडी लावून मोजल्या. अकराच निघाल्या. उंदरानं नेली म्हणावं, तर मांजरानं कशावरून नेली नसेल? तेव्हापासून झोप नाही. वाटायचं, ही पोरगी म्हणते ते खरं असेल. मांजरांचा त्रास होता, नाही असं नाही. पण मारायचं कधी मनात नव्हतं."

जिन्यात त्या का गप्प राहिल्या होत्या, ते मला तेव्हा कळले. मी त्यांच्या मौनाला पुरावा समजले होते. ती तर नुसती शंका होती, स्वतःबद्दलची. मी एका वाक्याने त्यांच्यावर खून लादला होता आणि तीन रात्री त्या तो एकट्या वाहत होत्या. डॉक्टरांच्या पट्टीवर रेघ उमटली त्या क्षणी त्यांची सुटका झाली होती. पण ती बातमी घेऊन जायची होती मीच, आणि मी दोन दिवस लावले होते. सोन्याला वाचवता आले नसते कदाचित. त्या दोन रात्री मात्र नक्की वाचवता आल्या असत्या.

पुढे कॉलेजच्या वाचनालयात मी या विषयावर हाती लागेल ते वाचले. त्यात फेरेटची हकिकत सापडली. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबट अंगाचा प्राणी. युरोपात तो पूर्वी सशांना बिळातून हुसकवायला पाळत, आता तिकडे घरोघरी मांजरासारखाही पाळतात. त्याला कुत्र्यांचा डिस्टेंपर रोग होतो आणि माणसाचा फ्लूही होतो. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी फ्लू झालेल्या माणसाच्या गुळण्यांचे पाणी फेरेटच्या नाकात सोडले. दोन दिवसांनी ते प्राणी तापाने फणफणून शिंकू लागले. फ्लू विषाणूमुळे होतो, हे त्यावरून सिद्ध झाले. पुढे १९३६ साली स्टुअर्ट-हॅरिस या संशोधकाच्या तोंडावर आजारी फेरेट शिंकले आणि त्यालाच फ्लू झाला. मला या हकिकतीत आवडला तो त्यांचा सावधपणा. आजारी आणि निरोगी प्राणी वेगळे ठेवायचे, एकाकडून दुसऱ्याकडे जाताना आपले बूट आणि कोट जंतुनाशकाने धुवायचे. कारण रोग कुणाकडून कुणाकडे गेला, हे सांगायचे तर आपण स्वतः तो नेला नाही, याची आधी खात्री हवी. त्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचे बूट तपासले. मी ते सर्वांत शेवटी केले.

आज आमच्याकडे तीन मांजरे आहेत. पाटील वयाने गेला. मनी आहे, ठिपकी आहे आणि पाहुणीही आहे. तिला घालवून द्यावे, असे त्या दिवसांत माझ्या मनात आले होते, हे लपवत नाही. पण तिचा काय दोष? तिला कुणी तिच्या टोपलीतून उचलून पुलाखाली ठेवले, ते तिलाच ठाऊक. तिघींनाही लस टोचलेली आहे. द्वारकेच्या खांबाशी आजही पिल्ले सापडतात आणि आजही मी ती उचलते. फक्त आता ती आधी दोन आठवडे न्हाणीघराशेजारच्या खोलीत वेगळी राहतात, आणि नंतरच बिऱ्हाडात येतात.

काकूंनी माळ्यावरचे औषध काढून टाकले आहे. दुपारी त्यांच्या उंबऱ्यावर ठिपकी झोपलेली असते. काकू अजूनही तुळशीवरून ओरडतात. त्यांचे ओरडणे ऐकले की मला बरे वाटते.

कॅलेंडरचे ते पान मी पुन्हा घडी घालून पासबुकांखाली ठेवून दिले.